राजमातेचा अनंत

पूर्वी कुसुमावती नगरीत अरिंदम राजाचे राज्य होते, तेव्हा बोधिसत्त्व माळ्याच्या कुळात जन्मून राजबाग सांभाळीत होता. बागेत दिवंगत राजमातेने लावलेले अनंताचे झुडूप होते. त्याला लोखंड लावील त्याचा हात तोडावा, अशी राजाज्ञा होती. राजा स्वतः रोज सकाळी त्याला घडाभर पाणी घाली. पावसाळ्यातही त्यात खंड नसे. अति तिथे माती, हे राजाला सांगणार कोण?

बोधिसत्त्वाने सांगून पाहिले. "माझ्या आईचं पाणी तोडतोस?" म्हणून राजा कडाडला. इकडे मुळे कुजू लागली, पाने पिवळी पडली. बोधिसत्त्वाला फार वाईट वाटले. त्याने एका निरोगी फांदीची बोटभर साल चाकूने सोलली, तिथे ओली माती लिंपली आणि फडके गुंडाळून गुटी बांधली. त्या जागी मुळे फुटली की फांदी वेगळी लावता आली असती.

महिन्याभराने बागेचा अधिकारी कलंदक याने ते पाहिले आणि राजाला वर्दी दिली. राजा वधकाला घेऊनच आला.

"सोड ते फडकं!"

"महाराज, आत्ता सोडलं तर कोवळी मुळं तुटतील. माझा हात घ्या, पण गुटीला नऊ दिवस द्या. तोवर झुडपाला पाणीही नको. ते आधी मेलं तर ही फांदीही जाईल."

वधकाने बोधिसत्त्वाचा हात ओंडक्यावर दाबून धरला होता. राजाने पिवळ्या पानांवरून हात फिरवला.

"नऊ दिवस," तो शेवटी म्हणाला. "दहाव्या दिवशी मुळं नसली तर दोन्ही हात."

रोज पाने गळत होती. सवयीने राजा घडा भरून येई आणि तसाच उभा राही. आपण आईला तहानेने मारतो आहोत, या विचाराने त्याचा जीव कासावीस होई. दहाव्या सकाळी ती एकच फांदी हिरवी उरली होती. बोधिसत्त्वाने फडके सोडले. मातीतून पांढरी मुळे डोकावत होती.

राजाला रडू कोसळले. "मग आईचं झाड कशानं गेलं?"

"महाराज, आपल्याच घड्यानं."

वधकाने परशू उचलला. राजाने त्याला मागे सारले. बोधिसत्त्वाने फांदी कापून जमिनीत लावली. राजाने घडा उचलला, कलता केला आणि मध्येच थांबला.

"किती घालू?" त्याने माळ्याला विचारले.

"ओंजळभर. मग माती वाळेपर्यंत नाही."

ही कथा सांगून शास्ता, म्हणजे भगवान बुद्ध, म्हणाले, "भिक्षूंनो, तेव्हाचा राजा म्हणजे शिष्याला दिवसातून दहादा 'ध्यान लागलं का?' असं विचारणारे, इथे बसलेले हे सुमन स्थविर. कलंदक म्हणजे त्यांची चहाडी घेऊन आलेला भिक्षू. माळी मीच होतो. त्या जन्मी मी जपली ती क्षांती, म्हणजेच सहनशीलता." सुमन स्थविरांनी मान खाली घातली, आणि त्या दिवशी शिष्याला काही विचारले नाही.