मात कशाने, ते मागाहून

सरदार भुजंगरावांनी निंबवाडीचं गायरान आपल्या घोड्यांसाठी बळकावलं आणि वर दवंडी पिटवली, "बुद्धिबळात मला हरवा, गायरान परत न्या." लूट करून न्यायाचा आव आणायचा, तो असा!

त्यांच्याकडे डावाची एक रीत होती. कोणत्या मोहऱ्याने मात करणार, हे समोरच्याने पहिल्या खेळीआधीच सांगायचं; दुसऱ्या मोहऱ्याने केलेली मात धरली जात नसे. तो 'घोड्याने' म्हणाला, की सरदार त्याचे घोडेच आधी मारत. भलेभले असेच हरले. इकडे निंबवाडीची गुरं दावणीला उपाशी हंबरत होती.

शेवटी गावची पाटलीण सगुणाबाई पटासमोर येऊन बसली.

"बोला पाटलीणबाई, मात कशाने?"

"सांगते की. पण सरकार, आपला राजा शेवटी कोणत्या घरात सापडणार, ते आधी सांगा. त्यावरून मोहरं ठरवते."

सरदार उसळले. "आमचा राजा सापडणारच नाही!"

"मग मी मोहरं आत्ता सांगितलं काय नि मागाहून सांगितलं काय, सरकारांना भीती कसली?"

दरबारात खसखस पिकली. चारचौघांत भीती कबूल कोण करणार?

"सांगा मागाहून!" सरदार गुरकावले.

डाव सुरू झाला. सगुणाबाई कधी हत्तीचा धाक घाली, कधी उंटाचा. सरदार दोन्हीकडे धावून दमले आणि त्यांचा राजा आपल्याच मोहऱ्यांमागे कोपऱ्यात जाऊन दडला. आता त्याला हलायलाही जागा उरली नाही. तेव्हा सगुणाबाईने पदर सावरला.

"आता सांगते, सरकार. प्याद्याने."

आणि तिने प्यादं एक घर पुढे सरकवलं.

त्या संध्याकाळी निंबवाडीची गुरं गायरानात चरत होती आणि सरदारांचे घोडे पागेत विकतची वैरण चघळत होते.