मांडवाची शेवटची गाठ

विश्वास कुणावर ठेवावा, सांगा बरं मंडळी? भाषण ठोकणाऱ्यावर, की त्याच्या डोक्यावरचा मांडव धरून उभ्या असलेल्या माणसावर?

कवठगावच्या नगरपालिकेने मजुरांची बुडवलेली मजुरी वसूल करून देण्यासाठी निधी मंजूर केला. नगराध्यक्ष धैर्यशीलरावांना मात्र त्या पैशातून वेशीवर कमान हवी होती. त्यांनी सभा भरवली. मांडवाचं कंत्राट रेवणशेठचं, म्हणून शेठही हार घालून व्यासपीठावर बसले.

तो हार शेठना टोचत होता. मजुरी हातात पडेपर्यंत शेवटची गाठ मारायची नाही, हा मांडव घालणाऱ्यांचा रिवाज. शेठनी मागची मजुरी थकवली होती आणि आजचीही "सभेनंतर बघू" म्हणाले होते. म्हणून मजूर गाठी न मारता दोऱ्या धरूनच उभे होते.

नगराध्यक्ष गरजले, "कुणाची मजुरी बुडाली असेल, त्याने हात वर करावा!"

एकही हात वर झाला नाही.

"बघा! मग निधी कशाला? कमानच बांधू."

कोपऱ्यातली दोरी धरून उभी असलेली मजूर हौसाक्का म्हणाली, "हात वर करतो की, सायेब. पण दोरी सुटंल. तुमी तेवढं मांडवाबाहेर जाता का?"

नगराध्यक्षांनी दचकून वर पाहिलं. मांडव डुलत होता. लोक खो खो हसले, शेठची मान मात्र खाली गेली. हार काढून ते उतरले, हौसाक्काच्या हातातली दोरी स्वतः धरली आणि पुटपुटले, "कर आक्का, हात वर. मजुरी बुडवणाऱ्यांत पहिलं नाव माझंच सांग."

कमान बांधायची राहिली ती राहिलीच, निधी मजुरांच्याच कामी आला. तेव्हा मंडळी, तुमच्याकडे कुणी राबत असेल, तर त्याचा हिशेब तेवढा चोख ठेवा.