डोंगरचं धान्य आणि तालमीचा गोटा

एका गावात एक तालीम होती आणि तालमीच्या दारात एक दगडी गोटा होता. साध्यासुध्या माणसाला तो जागचा हलतही नसे. गावाची रीत अशी, की जत्रेच्या दिवशी जो हा गोटा खांद्यावर घेऊन मारुतीच्या देवळाला फेरी मारेल, तो तालमीचा पुढचा वस्ताद. जुने वस्ताद आता थकले होते आणि त्यांच्या जागी बसायला कुणी मिळत नव्हतं.

त्याच गावात एक तरुण पैलवान राहत होता. आईबाप लहानपणीच गेले, थोरल्या बहिणीनं, अक्कानं, त्याला वाढवलं. वस्ताद व्हायचं त्याला लहानपणापासून वेड. गेल्या जत्रेत गोटा त्याच्या छातीपर्यंत आला होता, खांदा वीतभर राहिला. त्या वीतभरानं त्याची झोप उडवली.

"माझं कमी काय पडलं?" असं तो ज्याला त्याला विचारू लागला. सल्ला द्यायला कुणाच्या पदरचं काय जातं? एकानं सांगितलं, "अरे, तू खातोस खालच्या शेतातलं, खताचं नि फवारणीचं. डोंगरावरच्या म्हातारीचं धान्य खा. नुसत्या शेणखतावरचं. शहरातले लोक त्याला सेंद्रिय म्हणतात आणि रांग लावून नेतात."

माणूस अडलेला असला की त्याला काहीही पटतं. पैलवानालाही पटलं.

आता डोंगरचं धान्य खरंच चांगलं होतं, त्यात खोट नव्हती. पण महाग! घरच्या ज्वारीची तीन मापं द्यावीत तेव्हा तिकडचं एक माप मिळे. हरभऱ्याचंही तसंच, आणि तुपाचं तर नावच काढू नका. अक्का डोक्यावर भरली पाटी घेऊन डोंगर चढायची आणि पाटीच्या तळाशी थोडंसं धान्य घेऊन उतरायची.

पैलवानाच्या ताटात चार भाकऱ्यांच्या जागी दोन आल्या. उसळीची वाटी लहान झाली. तरी स्वारी खूश. एकेक घास डोळे मिटून खायचा आणि म्हणायचा, "अक्का, चव बघ तरी!"

"तू खा बाळा. माझं मघाशीच झालंय."

तिचं कधी झालं आणि काय झालं, हे त्यानं एकदाही विचारलं नाही.

हळूहळू छातीपर्यंत येणारा गोटा पोटापर्यंतच येऊ लागला, मग नुसता गुडघ्यापर्यंत. खरं तर तिथंच त्याच्या डोक्यात प्रकाश पडायला हवा होता. पण नाही! त्याला वाटलं, अजून कसर राहिली आहे, दूध-तूपही डोंगरचंच हवं.

"एवढी जत्रा होऊ दे, अक्का," तो म्हणाला. अक्का हसली. तिनं कणगीचा तळ खरवडून पाटी भरली आणि ती डोंगराच्या वाटेला लागली.

उन्हं कलली तरी ती परतली नाही. पैलवान शोधायला निघाला. अर्ध्या वाटेवर अक्का झाडाखाली आडवी पडलेली, पाटी कलंडलेली, आणि डोंगरावरची म्हातारी तिच्या तोंडावर पाणी मारत बसलेली. पैलवानानं धावत जाऊन अक्काला उचललं, आणि तो जागच्या जागी थिजला.

रोज वजनं पेलणारा माणूस तो. जे इतके महिने त्याच्या डोळ्यांना दिसलं नव्हतं, ते हातांना एका क्षणात कळलं. अक्का रिकाम्या पाटीसारखी हलकी झाली होती.

"अक्का, तू काय खात होतीस गं?"

"आंबील घेत होते की," ती क्षीण आवाजात म्हणाली. "ज्वारी पुरवायची होती ना तुला."

एवढा मोठा गडी, पण वाटेतच बसून हमसून हमसून रडला. मग म्हातारीला म्हणाला, "आजी, तुमच्या धान्यानं ताकद येते, असं सांगितलं होतं मला."

"धान्य माझं चांगलंच आहे," म्हातारी म्हणाली. "चवीला गोड, मातीला बरं. ज्याला परवडतं त्यानं खुशाल पोटभर खावं. पण लेकरा, कुठल्या शेतातलं खाल्लंस, हे त्या गोट्याला कुठं कळतंय? पोट भरलंय की नाही, एवढं मात्र त्याला बरोबर कळतं." तिनं सांडलेली ज्वारी गोळा करून पाटीत भरली. "ही तुमचीच. घरी न्या नि दोघं जेवा."

जत्रा तोंडावर आली होती. तालमीतले सोबती म्हणाले, "डोंगरचं खाणं आता सोडू नकोस, इतकं खाल्लंस तर थोडक्यासाठी कशाला सोडतोस?" पण पैलवानानं ठरवलं ते ठरवलं. त्या रात्री त्यानं स्वतः भाकऱ्या थापल्या, वाकड्यातिकड्या. अक्कानं दुसरी भाकरी घेतल्याशिवाय त्यानं आपल्या ताटाला हात लावला नाही, आणि पुढे रोज तसंच.

जत्रेत गोटा गुडघ्याच्या वर गेला नाही. लोक हसले, "डोंगरचं सोडलं, मग काय होणार!" पैलवान मान खाली घालून घरी आला. वाईट वाटलं, फार वाटलं. पण अक्काच्या गालांवर जरा रंग आला होता, तो बघून त्याला जेवण गोड लागलं.

मग वर्षभर दोघांनी घरची ज्वारी खाल्ली, हरभरा, शेंगदाणे, अंडी खाल्ली, शेजारच्या म्हशीचं दूध प्यायलं. साधंच, पण पोटभर. पैलवानानं मेहनत सोडली नाही. पुढच्या जत्रेत गोटा गुडघ्यावरून छातीवर आला, छातीवर क्षणभर थांबला आणि खांद्यावर जाऊन बसला. देवळाची फेरी पुरी होईपर्यंत सगळ्यात मोठ्यानं कोण ओरडत होतं, हे सांगायला नको.

दुसऱ्या दिवशी गावातली पोरं नव्या वस्तादाभोवती जमली. "वस्ताद, आम्ही काय खायचं? कुठलं खायचं?"

"सांगतो," वस्ताद म्हणाला. "पण आधी घरी जा. तुमच्या घरात सगळ्यांच्या शेवटी कोण जेवतं आणि त्या ताटात काय उरलेलं असतं, ते बघून या. मग तालमीत पाऊल टाका."

तात्पर्य एवढंच: परवडत असेल तर उत्तमातलं उत्तम खावं, पण अंगात बळ येतं ते पोटभर जेवणानं आणि मेहनतीनं, आणि आपल्या ताटासाठी घरातल्या कुणाचं ताट रिकामं राहत असेल, तर तो घास कितीही शुद्ध असला तरी आपला नव्हे.