सातविणीखालची पेज

धामणकोंडाच्या देवळामागे ही सातवीण आहे. बुंधा बघा. हात पोचतो तिथवर ठेचलेला आहे, जुन्या जखमांवर नव्या जखमा. लोखंडाची एकही खूण सापडायची नाही. म्हणून ती सुरी आधी पिशवीत घाला, मग बोलू.

तुमच्यासारखे बरेच येतात. पाळीच्या तापाचा, म्हणजे हिवतापाचा, जो बारीक किडा रक्तात शिरतो, त्याला ह्या सालीतलं नेमकं काय मारतं ते शोधून औषध करायचं म्हणतात. करा. चांगलं काम आहे. पण बसा जरा. सारखं घड्याळ काय बघता? ह्या झाडाखाली घाई केलेली चालत नाही, आणि का चालत नाही तेच सांगतोय.

फार पूर्वी इथे हिवाची साथ आली, असं सांगतात. एक दिवस माणूस थंडीने गदगदा हलायचा, दुसऱ्या दिवशी बरा, तिसऱ्या दिवशी ऊन चढलं की पुन्हा पाळी. घरोघर पाळीची वाट बघत बसलेले लोक. भिकाजी गुरव तर इतका खंगला होता की आणखी एक पाळी त्याला सोसणार नाही, असं सगळेच धरून चालले होते. त्याची बायको राही. धाकटा भाऊ धाकू.

आषाढी अवसेला उपाशीपोटी सातविणीचा रस प्यायचा, हे गावाला तेव्हाही माहीत होतं. साल दगडाने ठेचून काढायची. त्याला वेळ लागतो. पाळी यायच्या आत रस पोटात जावा म्हणून धाकू त्या अवसेला पहाटेच्या अंधारातच, भर पावसात, कोयता घेऊन गेला आणि सपासप साल काढून आला. राहीने ती वाटली. सगळं गाव वाट्या घेऊन इथे देवळामागे जमलं.

राहीने रस गाळला आणि थांबली म्हणे.

"भावजी, हात दाखवा."

"हात काय बघतेस वैनी? दादाची पाळी येईल आता."

"चिकट नाहीत."

"पाऊस आहे. धुऊन गेले."

सातविणीला चीक असतो, दुधासारखा पांढरा. दगडाने ठेचलं की तो बोटांना धरतो, सहज सुटत नाही. लोक चुळबुळायला लागले. कुणाला घरी आजारी मूल, कुणाला स्वतःलाच कापरं भरायच्या बेतात. एक म्हातारी म्हणाली, "द्या तिलाच पहिली वाटी. गुरविणीला नैवेद्य आधी चाखायची सवयच आहे."

राही हसली म्हणतात. नवऱ्यासाठी आणलेलं कढत पेजेचं मडकं तिने ह्या दगडावर ठेवलं. म्हणाली, "मी पिते. ही पेज निवेपर्यंत कुणी ओठाला लावायचं नाही." आणि प्यायली.

आता माणसाला धीर नसतो. धाकू मडक्यापाशी बसला. एकदा भावाकडे बघे, एकदा वाफेकडे. मग त्याने फणसाचं पान घेतलं आणि वारा घालायला लागला. फुंकर घातली. पेजेवर साय धरली तसा उठला. "निवली," म्हणाला, आणि वाटी भावाच्या तोंडाशी नेली.

तेवढ्यात राहीचं अंग धनुष्यासारखं ताणलं गेलं आणि तिच्या पायाने वाटी उडाली. गावात सांगतात, तिने मुद्दाम लाथ मारली. मला विचाराल तर विषाने अंग आखडलं. काही का असेना, वाटी सांडली. मडक्यात हात घातला तर खाली पेज अजून चटका देत होती. ती निवायच्या आत राही गेली.

उजाडल्यावर कळलं. सातविणीला लागून हा काजरा आहे ना, कोयत्याचा घाव त्याच्यावर होता. ह्याची साल म्हणजे विष. अंधारात घाव घालून मोकळा झाला होता गाढव.

मग धाकूने दगड उचलला. भिकाजीची पाळी आली तरी तो ठेचतच होता, बोटं फुटून रक्त आणि चीक एक झालं म्हणतात. भिकाजीने ती पाळी कशीबशी काढली. रस प्यायला, आणि पुढची पाळी आलीच नाही. त्याने पुढे दुसरं लग्न केलं असंही सांगतात, नाही केलं असंही सांगतात. मला ठाऊक नाही. राहीची देवी झाली म्हणून नारळ फोडतात, तेही मला पटत नाही. बाई होती. हात बघितले तिने, एवढंच.

काजरा तोडा असं काही जण म्हणाले होते. तोडला नाही. तोडला असता तर साल कुठल्या झाडाची ते लोक बघायचे बंद झाले असते.

आजही अवसेला धाकूच्या घरचा माणूस दगडाने साल काढतो, चिकट हात सगळ्यांना दाखवतो आणि पहिली वाटी स्वतः पितो. सध्या तो मी आहे. पिऊन झालं की ह्या दगडावर बसतो आणि गाव माझ्याकडे बघत उभं राहतं. पोरं रडतात, बायका कुरकुरतात, शहरातून आलेले मोबाइल काढतात. मध्ये कढत पेजेचं मडकं असतं. त्यावर आजही कुणी फुंकर घालत नाही.