निळा खोपा

फार जुनी गोष्ट नाही. ओढ्यावरच्या बाभळीवर सुगरण पक्ष्यांची वस्ती होती. पावसाळ्यात नर गवताची पाती चिरून खोपे विणत. माद्या ते चोचीने ओढून पारखत, खोपा पसंत पडला तरच आत शिरत. हंगाम सरला की खोपे विरून गळून पडत.

केसरू नावाच्या नराला याचा भारी राग. दरवर्षी नव्याने का खपायचं? यंदा त्याने कारखान्यामागे टाकलेला निळा नायलॉनचा दोरा आणून खोपा विणला. सावनी नावाच्या मादीने तो जोर लावून ओढून पाहिला.

"अहो, एक धागा हलत नाही!" म्हणत ती आत शिरली.

"नातवंडांनाही पुरेल," केसरू ऐटीत म्हणाला.

पिल्लं मोठी होऊन उडाली. धाकट्याच्या पायाला मात्र दोऱ्याचा फास बसला.

"बाबा, तोडा ना!"

केसरूने चोच रक्ताळेपर्यंत ओढलं. दोरा तुटला नाही. तीन दिवसांनी पिल्लाचा आवाज थांबला.

पुढच्या पावसाळ्यातही निळा खोपा तसाच लोंबत होता. शेजारच्या फांदीवर केसरूने गवताचा नवा खोपा विणला. सावनीने तो ओढून पाहिला, तशी एक काडी निसटली.

"सुटतेय हो," ती हळूच म्हणाली.

"सुटायलाच हवी," केसरू म्हणाला.

सावनी आत शिरली.