हौसा आणि न पेटणारी छडी

ऐका गं सोनुल्यांनो. मीही आज दमलेय, तेव्हा मध्ये मध्ये बोलायचं नाही.

जांभळ्या डोंगरापलीकडच्या एका राज्यात केरोबा रंगारी राहायचा. त्याच्याकडे हौसा नावाची मुलगी काम शिकायला होती. इवलीशी, पण हात कोपरापर्यंत निळे! दिवसभर रंगाची पातेली ढवळायची, ओली लुगडी पिळायची, भिंतीवरच्या जुन्या फळीवर वाळत घालायची. दोन वर्षं झाली, हातात छदाम नाही.

"शिकतेस ना? मग पैसे कसले मागतेस?" केरोबा म्हणायचा.

हौसाची आई म्हणाली, "पुरे झालं, बाई. सोमवारपासून माझ्याबरोबर लाकडं आणायला चल." पण हौसाला जायचं नव्हतं. तिचा त्या रंगांवर जीव होता.

दुपारी ती मेंदीच्या झुडपाआड भाकरी घेऊन बसली. तोच धप्पकन एक चिमुकली परी पडली. पंख मळके, डोळे पेंगुळलेले.

"तीन इच्छा माग," परी जांभई देत म्हणाली. "पण एक नियम आहे. जे आधीच तुझं आहे, ते या छडीतून निघत नाही."

"मला कामाचे पैसे मिळू देत."

छडी पेटेचना.

"मग दुसऱ्या वर्षाचे थोडे जास्त?"

छडी ढिम्म! परीला रडूच फुटलं. "मी शिकाऊ परी आहे गं. कामाबद्दल मला रोज चमचाभर उजेड मिळायचा असतो, तोही परीराणी देत नाही."

"अगं बाई, तुझीही तीच गत?" हौसानं अर्धी भाकरी तिच्या हातावर ठेवली. "मग तिसरी इच्छा तुझ्यासाठी. हिचा उजेड हिला मिळू दे."

तरीही छडी विझलेलीच. हौसा बघतच राहिली. "म्हणजे हे सगळं आधीच आपलं आहे?"

"असेलच. राजा प्रत्येक कारखान्यात नियमांची फळी लावतो."

फळी! हौसा धावत गेली, ओली लुगडी खाली ओढली आणि एकेक अक्षर लावत मोठ्यानं वाचू लागली, "शिकणारा हात पहिल्या दिवसापासून कामाचा हात. पहिल्या वर्षी आठवड्याला चार नाणी. दुसऱ्या वर्षी सहा."

आवाज ऐकून केरोबा आला आणि त्यानंही फळी वाचली. "मी शिकाऊ होतो, तेव्हा मीही या फळीवरच लुगडी वाळत घातली गं. कधी वाचलंच नाही." त्यानं डोळे पुसले आणि थैली उघडून दोन वर्षांची नाणी हौसाच्या ओच्यात घातली.

ती परत आली, तर मेंदीवर सोनेरी, गुलाबी झगमगाट! "मीही राणीकडे जाऊन मागितलं," परी हसली. "मागचासुद्धा सगळा मिळाला!" आणि त्या उजेडातच ती दिसेनाशी झाली.

सोमवारी हौसा कामावर गेली. लुगडी तिनंच वाळत घातली, पण अंगणात, नव्या दोरीवर. त्या दिवशी एक नवी पोरगी शिकायला आली होती, तिला फळी वाचता यायला हवी ना!