लाल तळ्याचं कच्चं मडकं

तांबुळगावच्या या तळ्याचं पाणी बारा महिने लाल असतं. दोनदा गाळ काढला, तरी लालच. जपून या, शेवाळ आहे. इथून वर देवीपर्यंत एकवीस पायऱ्या आहेत.

पूर्वी म्हणे लग्न ठरलेल्या मुलीला न भाजलेल्या मडक्यात हे पाणी भरून वर चढायला लावत. मडकं टिकलं तर मुलगी कोरी, विरघळलं तर बाटलेली. कच्ची माती पाण्यात विरघळते, हे शेंबड्या पोरालाही कळतं. पंचांना कळत नव्हतं. मिशा मात्र मोठ्या होत्या त्यांच्या.

मडकी घडवायची येसाई कुंभारीण. मुख्य पंच दौलोजी तिला आदल्या दिवशी हळूच सांगे, "ही आपल्यातली." मग येसाई मडकं भाजून वरून ओल्या मातीचा हात फिरवी. बाकीच्या मुलींना तोंडाला काळं फासून वेशीबाहेर काढत. येसाई गप्प राही. हे तिचं पाप, ते लपवू नये असं आमच्याकडे मानतात.

मग तिच्याच लेकीचं, राहीचं लग्न दुसऱ्या घरी ठरलं. दौलोजीला राही आपल्या पुतण्यासाठी हवी होती आणि येसाईने नकार दिला होता. तो स्वतः अंगणात आला आणि कच्चं मडकं निवडून घेऊन गेला.

दुसऱ्या दिवशी राही पाण्यात उतरणार, तोच येसाई आडवी आली.

"दौलोजीबाबा, तुमच्या लेकीचं, शेवंताचं मडकं मी भाजून दिलं होतं. गावासमोर सांगते."

"खोटं! जीभ झडेल तुझी!"

"मग हे मडकं तुम्हीच वर न्या. तुमच्याइतकं शुद्ध गावात आहे कोण?"

बायका फिस्सकन हसल्या. मागे हटावं तर लाज जाणार. दौलोजीने मडकं भरून डोक्यावर घेतलं. पाचव्या पायरीवर चिखल फेट्यावरून मिशांवर आणि मिशांवरून धोतरात उतरला.

"अगं बाई, पंच बाटले!" गर्दीतली एक म्हातारी ओरडली.

इतका वेळ सुपारी चघळत उभा असलेला नवरदेव आता पुढे झाला. "माझी काही हरकत नाही," म्हणाला.

"माझी आहे," राही म्हणाली. "मडक्याला विचारायला आला होतात ना? मग मडक्याशीच लग्न लावा."

येसाईने अंगणातली सगळी कच्ची मडकी आणून तळ्यात लोटली. पाणी लाल झालं ते तेव्हापासून, असं सांगतात. राहीने पुढे आपल्या पसंतीने घर मांडलं. तिला कोणी काही विचारलं नाही.

आजही मुलीच्या कोरेपणाची चौकशी करणाऱ्या सोयऱ्याच्या हातात इथे कच्चं मडकं देतात आणि पायऱ्या दाखवतात. गेल्या वैशाखात मोटारीतून एक शिकलेले गृहस्थ आले होते. चौथ्या पायरीपर्यंत गेले.